नुसतं ‘पाणी प्या’ पुरत नाही

पहाटेचे पावणेपाच. गिरीजला हिरा डोंगरीच्या पायथ्याशी सायकलींचे दिवे एकेक करून जमू लागले. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. वाड्यांना रात्री पाणी दिलेलं असल्यामुळे ओल्या मातीचा वास येत होता, हवेत गारवा होता. आम्ही चौदा जण होतो. सगळ्यात लहान २३ वर्षांचा, सगळ्यात मोठे ६१ वर्षांचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. सफर चार दिवसांची ठरली होती. पहिल्या दिवशी शिरसाड, वज्रेश्वरी, वाडा, विक्रमगड करत जव्हार; दुसऱ्या दिवशी मोखाडा आणि त्र्यंबकमार्गे नाशिक; मग परतीचा प्रवास. पहिल्या दिवसाचं अंतर साधारण १२० किलोमीटर.

मी या गटातला डॉक्टर. त्यामुळे निघण्यापूर्वी दोन शब्द सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं, ‘‘तहान लागायची वाट पाहू नका. पाणी पीत राहा.’’ पुढे दिवसभरात हेच वाक्य मी निदान वीस वेळा म्हटलं असेन. दुपारी तीन वाजता आमच्यापैकी एक जण जव्हारच्या सरकारी रुग्णालयात खाटेवर होता. आणि कारण पाणी कमी पडलं, हे नव्हतं. कारण नेमकं उलटं होतं.

वारा कोण कापतो?

वसई फाट्याला महामार्गावर आलो तेव्हा अंधारच होता. मागेपुढे दिवे, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं आणि एकामागे एक अशी रांग. सायकलस्वार अशी रांग नुसत्या शिस्तीसाठी धरत नाहीत. सपाट रस्त्यावर वेग वाढला की पायातली बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. पुढचा माणूस हवा फोडतो, मागच्याला ती फुटलेली मिळते.

हा फायदा मोजलेला आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताशी ३२ किलोमीटर वेगाने दुसऱ्याच्या मागे सायकल चालवणाऱ्यांना प्राणवायू सुमारे १८ टक्के कमी लागला. व्यावसायिक शर्यतींमध्ये तर शंभरावर सायकली चिकटून धावतात. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १२१ सायकलींच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या आत खोलवर असलेल्या स्वाराला लागणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत खाली येतो, असं त्यांना दिसलं. आमच्यासारख्या ताशी वीसच्या मंडळींना एवढा फायदा मिळत नाही, पण समोरून वारा असला तर तोही जाणवण्याइतका असतो.

सर अंगाने बारीक, जेमतेम ५५ किलोंचे. ते सकाळभर रांगेच्या मध्ये होते. त्यांचे पाय छान चालले होते, म्हणजे निदान तसं वाटत होतं. गटाने सायकल चालवण्यातला एक धोका इथेच आहे. सपाटीवर गट तुम्हाला ओढून नेतो आणि शरीरातली तूट झाकून ठेवतो. ती उघडी पडते चढावर. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. तिथे वाऱ्याचा प्रश्न उरत नाही, म्हणून दुसऱ्याच्या आडोशाचा उपयोगही उरत नाही. घाटात प्रत्येक जण एकटा असतो.

शरीराची शेगडी

शिरसाडला महामार्ग सोडून उजवीकडे वळलो तेव्हा उजाडलं होतं. उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर, समोर उगवता सूर्य, कडेला कुठे लाल सावर तर कुठे फुललेला पळस. सर रंगात आले होते. आठच्या सुमारास वज्रेश्वरीला थांबलो, तेव्हा त्यांनी तरुण पोरांना चिमाजी अप्पांच्या नवसाची गोष्ट सांगितली. १७३९ मध्ये वसई घेतल्यावर हे मंदिर कसं उभं राहिलं, आपण निघालो तो किल्ला आणि आपण पोचलो ते देऊळ यांचं नातं काय, हे सगळं. बाकीचे मिसळीवर तुटून पडले होते. सरांनी मात्र नुसता चहा घेतला आणि दोन बिस्किटं. ‘‘पोट जड होतं हो. पुढे बघू.’’

या वेळेपर्यंत आमच्या शरीरात काय चाललं होतं? सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने जाताना पाय साधारण शंभर वॅट काम करतात. पण आपले स्नायू फार काटकसरी नाहीत. जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलला लागतो, बाकीची सगळी उष्णता होते. म्हणजे शरीरात तीनशे-साडेतीनशे वॅटची शेगडी पेटलेली असते. जुने शंभर वॅटचे तीन पिवळे दिवे पोटाशी धरून बसल्यासारखं.

ही उष्णता घामावाटे जाते. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. यात ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे. वसईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, हनुवटीवरून टपटप गळतो. गळालेला घाम शरीर थंड करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ घेऊन जातो. किनाऱ्यापासून आत गेलं की समुद्राच्या वाऱ्याचा गारवा सुटतो आणि ऊन चढतं. वर उन्हाळ्याचा तो पहिलाच तापलेला आठवडा होता. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झालेलं शरीर लवकर घामाघूम होतं आणि त्याच्या घामात मीठही कमी असतं. आमची कोणाचीच ती सवय झालेली नव्हती.

दुसरा हिशेब इंधनाचा. शरीरातला साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो स्नायू आणि यकृत मिळून ४००-५०० ग्रॅम असतो. त्यातून सोळाशे ते दोन हजार कॅलरी मिळतात. दिवसभराच्या अशा प्रवासाला त्याहून बरंच जास्त लागतं. चरबीही जळते, पण हळूहळू. म्हणून लांबच्या सायकलिंगमध्ये दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. त्यासाठी परदेशी पाकिटं लागत नाहीत. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. आमच्याकडे राजेळी केळ्यांची सुकेळी होती. ती खिशात राहतात, चिरडत नाहीत आणि सायकल न थांबवता खाता येतात. वसईकरांनी सायकलस्वारांसाठीच केली असावीत, असं वाटावं अशी ती चीज आहे.

ताकातलं मीठ

वाड्याला अकराच्या पुढे पोचलो. डाळभात, पापड, ताक. मोबाइल ३६ अंश दाखवत होता. मी पुन्हा माझं पालुपद म्हटलं, ‘‘पाणी भरून घ्या, पीत राहा.’’ सरांनी दोन्ही बाटल्या भरल्या. ते माझं ऐकत होते. सकाळपासून त्यांच्याइतकं पाणी कोणीच प्यायलं नव्हतं. जेवण मात्र अर्धंच झालं. आणि ताक पुढे केलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘मीठ घातलंय का? मग नको. प्रेशर आहे मला.’’

मी ते ऐकलं. पुढच्या पानावर वाढणाऱ्याला पापड मागितला आणि विसरून गेलो.

तिथेच मला दोन प्रश्न विचारायला हवे होते. कोणती गोळी घेता? आणि सकाळपासून काय खाल्लंत? नंतर कळलं की सरांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध होतं. हे औषध चांगलं आहे, वर्षानुवर्षं वापरात आहे. पण ते घेणाऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम तसंही घसरू शकतं. त्यात घामातून मीठ जाणार, आहारात मीठ कमी, पोटात अन्न नाही आणि वर बाटल्यांमागून बाटल्या साधं पाणी. सगळे धागे एकाच ठिकाणी येऊन मिळत होते आणि मी त्यांच्या समोर बसून पापड खात होतो.

खरं तर बारा ते चार आम्ही वाड्यातच सावलीला पडून राहायला हवं होतं. पण जव्हारची खोली वाट पाहत होती आणि पोरांना संध्याकाळी हनुमान पॉइंट बघायचा होता. निघालो.

सर गप्प झाले

विक्रमगड सोडलं की रस्ता चढायला लागतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८० किलो धरले, तर एवढं वजन नुसतं उचलायलाच शरीराला साधारण साडेतीनशे कॅलरी लागतात, तीन-साडेतीन पोळ्या. सरांच्या पोटात तेवढं नव्हतं.

आमच्या गटात सगळ्यात मागे एक बँकेत काम करणाऱ्या ताई असतात. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, एवढंच त्यांचं काम. घाटात त्यांनी मला फोन केला. ‘‘डॉक्टर, थांबा जरा. सर गेला अर्धा तास एक शब्द बोललेले नाहीत.’’

ज्याला सर माहीत आहेत, त्याला या वाक्यातली भीती कळेल. मी वळून खाली गेलो. सर दगडावर बसले होते. डोकं जड झालंय, मळमळतंय, म्हणाले. कातडी तापलेली नव्हती, त्यामुळे उष्माघाताची शंका मागे पडली. मी हात हातात घेतला तर बोटं सुजलेली, अंगठी रुतलेली. विचारलं, ‘‘सर, आज वार कोणता?’’ ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि चुकीचा वार सांगितला.

त्यानंतर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. खालून येणारा टेम्पो थांबवला. चालकाने काही न विचारता मागे जागा करून दिली. रुग्णालयात रक्त तपासलं. सोडियम १३५ या किमान पातळीच्या बरंच खाली होतं. तिथल्या डॉक्टरांनी मिठाचं प्रमाण जास्त असलेलं सलाइन जपून दिलं आणि रात्रभर लक्ष ठेवलं. रात्री दहाच्या सुमारास सरांनी मला विचारलं, ‘‘पोरं जेवली का?’’ तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पाणी जास्त कसं होतं?

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात हायपोनाट्रेमिया म्हणतात. रक्तात पाणी इतकं वाढतं की सोडियम पातळ होतं. मग पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी घट्ट होते, पण कवटीच्या आत मेंदू फुगला तर त्याला जागा नसते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, झटके, आणि वेळेत ओळखलं नाही तर मृत्यूसुद्धा.

एरवी जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पण तासन् तास कष्ट चालू असले, उलटीची भावना असली, शरीरावर ताण असला की मेंदूतून पाणी धरून ठेवणारं संप्रेरक स्रवतं. मूत्रपिंडं पाणी सोडत नाहीत आणि माणूस पीतच राहतो.

हे वाटतं तेवढं दुर्मीळ नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं वजन शर्यतीत कमी होण्याऐवजी वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला होता, त्यांच्यात ही शक्यता अधिक होती. म्हणजे धोका सगळ्यात जोरात धावणाऱ्याला कमी आणि सावकाश, दिवसभर, शिस्तीत पाणी पीत जाणाऱ्याला जास्त.

आम्हा डॉक्टरांचाही यात वाटा आहे. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या संस्थेने १९९६ मध्ये व्यायामात सोसेल तितकं पाणी प्यावं, अशा अर्थाचा सल्ला दिला होता. २००७ मध्ये तो बदलला. नवा सल्ला असा की घामामुळे वजन दोन टक्क्यांहून अधिक घटू देऊ नका, पण इतकंही पिऊ नका की वजन वाढेल. माझ्या तोंडात मात्र जुनंच वाक्य बसलेलं होतं.

एक खुलासा करायलाच हवा. हे वाचून कोणी उन्हात पाणी तोडू नये. आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडणं हा मोठा आणि नेहमीचा धोका आहे. लघवी गडद पिवळी होणं, तोंड सुकणं, त्याच वेगाला नाडी जास्त जोरात चालणं ही त्याची लक्षणं. प्रश्न फक्त एवढाच आहे की पाणी हे एकटं औषध नाही.

मग करायचं काय?

आपला घाम आपणच मोजता येतो. एखाद्या रविवारी दोन तास सायकल चालवा. जाण्यापूर्वी आणि आल्यावर, अंग पुसून, वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. लांबच्या प्रवासात तहान लागेल तसं, थोडं थोडं प्या. ६० किलोच्या माणसाचं वजन दिवसअखेर किलोभर कमी झालं तर घाबरण्याचं कारण नाही, रात्रीच्या जेवणात ते भरून निघतं.

दोनपैकी एका बाटलीत साधं पाणी ठेवा, दुसरीत लिंबू-साखर-मीठ किंवा ओआरएस. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. ओआरएसचं सगळं सामर्थ्य त्यातच आहे. पण लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज जेमतेम साडेतेरा ग्रॅम असतं, तेव्हा ते जेवणाची जागा घेत नाही. आणि मीठ टाकलंय म्हणून कितीही प्यावं, असंही नाही.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी सफरीपूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, मीठही आपल्या मनाने वाढवू नये. गटाच्या म्होरक्याला प्रत्येकाची औषधं माहीत असावीत. छातीत दडपण, घाम येणं थांबून अंग तापणं, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं की सायकल तिथेच आडवी करावी आणि १०८ ला फोन करावा. अंग तापलेलं असेल तर गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं आणि वारा घालावा. गोंधळलेल्या माणसाला मात्र पाणी पाजू नये.

सगळ्यात सोपी तपासणी मात्र फुकट आहे. बोलणं. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग झेपतोय. दोन-दोन शब्दांवर दम लागत असेल तर वेग जास्त आहे. आणि बोलका माणूस गप्प झाला असेल, तर गटाने थांबायचं.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय संघ ठरले. अशा शर्यतीत स्वारामागे गाडीतून मदतीचं पथक चालतं. काय खाल्लं, किती प्यायलं, याकडे त्यांचं लक्ष असतं. कारण थकलेल्या माणसाला स्वतःबद्दलचा अंदाज राहत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. आपल्यासारख्या हौशी लोकांचं पथक म्हणजे आपला गटच.

रुग्णालयात मी सरांना विचारलं होतं, ‘‘त्रास कधीपासून होत होता?’’ म्हणाले, ‘‘वाड्यापासून. पण माझ्या एकट्यासाठी चौदा जण थांबणार, म्हणून नाही बोललो.’’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचे येऊन त्यांना घेऊन गेले. आमचीही सफर तिथेच संपली. नाशिक राहिलं.

आता सरांची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बदलली आहे. रविवारी ते पुन्हा आमच्याबरोबर येतात, पण सध्या गिरीज ते अर्नाळा आणि परत, एवढंच. निर्मळच्या तळ्याशी थांबलो की ते आधी सुकेळ्यांचा पुडा उघडतात. मग शाळेतल्यासारखे एकेकाकडे बोट करून विचारतात, ‘‘काय खाल्लंस? किती प्यायलास? गोळी कोणती?’’

पहिलं बोट माझ्याकडे असतं.